चवन्नीचं वजन

माझा स्वभाव तिरसट आहे, हे अकोल्यात कोणालाही विचारा. चाळीस वर्षं मी रेडिओ, टेपरेकॉर्डर, मिक्सर आणि पंखे दुरुस्त केले आणि दोन शब्द सुनावल्याशिवाय एकाही गिऱ्हाइकाला त्याची वस्तू परत दिली नाही. दुकानाचं शटर कायमचं खाली आलं, तोंडाचं काही अजून आलं नाही, असं माझी बायको म्हणते. त्यामुळे जूनमध्ये अब्दुल रहीम घरी आले आणि रेकॉर्ड वाजवायची एक चांगली मशीन निवडून दे म्हणाले, तेव्हा मी आधी त्यांना सुनावूनच घेतलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे काय नवं खूळ, गाणी आता पोरांच्या मोबाइलमध्ये फुकट मिळतात, वगैरे वगैरे.

रहीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं. आमची पंचेचाळीस वर्षांची ओळख आहे, माझं बोलणं कुठे संपतं हे त्यांना बरोबर कळतं. ते मूळचे दर्यापूरचे, आता मुलाकडे अकोल्यात राहतात. एके काळी त्या तालुक्यात लग्न म्हटलं की रहीमभाईंचा लाऊडस्पीकर ठरलेला असायचा. हळदीच्या दिवशी पहाटे कडुलिंबावर भोंगा बांधायचा आणि वरात दारात येईपर्यंत रेकॉर्डी वाजवत ठेवायच्या. मग कॅसेट आली, मग डीजे आला आणि रहीमभाईंचं सगळं सामान भंगारात गेलं. रेकॉर्डींची एक पेटी तेवढी त्यांनी पलंगाखाली ठेवली होती.

त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेले दोन पुठ्ठे काढले आणि त्यांच्या मधून एक लहान तबकडी काढली. लेबलवर लिहिलं होतं, ‘हळदीचं गाणं, गायिका तानुबाई, दर्यापूर’. नाव वाचलं आणि मला ती बाई आठवली. तानुबाई दर्यापूरच्या बाजारात भाजी विकायची आणि लग्नघरी हळदीला गायची. ऐंशी साली मुंबईच्या एका लहानशा कंपनीची दोन माणसं अकोल्याला आली होती. स्टेशनजवळच्या लॉजवर एक खोली घेऊन त्यांनी खिडक्यांना गाद्या लावल्या आणि एका दिवसात चार-पाच गाणाऱ्यांची गाणी भरून नेली. तानुबाईला दर्यापुराहून रहीमभाईंनीच आपल्या जीपमध्ये आणलं होतं. तिच्या कडेवर वर्षाची पोर होती, ती तिने बहिणीजवळ देऊन लॉजच्या पायरीवर बसवली. रेकॉर्डच्या प्रती निघाल्या त्या जेमतेम तीनशे. पुढच्या वर्षी कंपनी बुडाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी तानुबाई तापाने गेली.

पायरीवर बसवलेली ती पोर म्हणजे मैना. ती आता शेहेचाळीस वर्षांची आहे आणि अमरावतीत तिचं हारफुलांचं दुकान आहे. आईची अशी काही रेकॉर्ड निघाली होती, हे तिला या उन्हाळ्यापर्यंत माहीतच नव्हतं. एका लग्नात ती हार पोचवायला गेली, तर तिथल्या एका म्हाताऱ्याने ओळख काढली आणि सांगितलं, अगं तुझ्या मायच्या गाण्यावर तर आम्हाला हळद लागली, रहीमचा भोंगा वाजायचा. मैना रहीमभाईंचा पत्ता काढून दुसऱ्या दिवशी एसटीने अकोल्याला. रहीमभाईंनी पेटी उपसली, रेकॉर्ड सापडली, पण वाजवायला घरात काही नव्हतं. मशीन मी घेते, कोणती घ्यायची तेवढं सांगा, असं मैना म्हणाली. फुलं टिकवायला फ्रीज घ्यायचा म्हणून तिने वीसेक हजार बाजूला ठेवले होते. फ्रीज थांबेल म्हणाली. तिच्या दोनच अटी होत्या. मशीन दोन महिन्यांत मरणारी नको, आणि तिने रेकॉर्डला धक्का लावता कामा नये. कारण तीनशेमधली ही एकच आता कुठे उरली असेल तर असेल, आणि मैनाला आईचा आवाज आठवत नाही.

मी तबकडी खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. चांगली रेकॉर्ड काळीभोर चकाकते. ही राखाडी पडली होती, तिच्या खाचा घासल्या गेल्या होत्या. कोणी घासल्या आणि कशाने घासल्या, हे मला कोणाला विचारायची गरज नव्हती.

तेही ऐंशी सालचंच. वरातीत रेकॉर्डची मशीन जीपमध्ये असायची आणि जीप खड्ड्यात गेली की सुई उडायची. नवरदेव घोड्यावर, नाचणारे रंगात आलेले आणि गाणं मधूनच दोन कडवी पुढे पळालेलं. रहीमभाई वैतागून माझ्याकडे आले. मी बावीस वर्षांचा, दुकान नवंकोरं, अंगात मस्ती. गल्ल्यातून एक चवन्नी काढली आणि सुईच्या डोक्यावर ठेवून दिली. सुईवर भार आला, उडणं बंद झालं. सहा महिन्यांत दर्यापूरपासून मूर्तिजापूरपर्यंत सगळे लाऊडस्पीकरवाले सुईवर चवन्नी ठेवू लागले आणि मला चवन्नीवाला मिस्त्री म्हणू लागले. मला त्याचा फार अभिमान होता. जादा भाराने रेकॉर्ड घासते हे मला माहीत नव्हतं असं नाही, मशीनच्या कागदावर ते छापलेलं असायचं. पण घासली तर बाजारातून दुसरी आणावी, असं मला वाटायचं. दुसरी न मिळणारीही रेकॉर्ड असते, हे बाविसाव्या वर्षी कोणाच्या डोक्यात येतं.

तबकडीच्या मागच्या बाजूला, लेबलवर, कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं. मी रहीमभाईंना विचारलं, तर ती बाजू वाजवायची नाही एवढंच सांगून त्यांनी चहाचा कप उचलला. ती बाजू फुकट गेली असेल असं समजून मी ती उजेडात धरलीसुद्धा नाही. अपराधी माणसाला आपला अपराध तेवढाच दिसतो.

खरं म्हणजे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. मनात म्हटलं, मशीन चांगली मिळाली आणि सुई बारीक मिळाली, तर या खाचांमधून काहीतरी निघेल. मैनाला आईचा आवाज मिळेल आणि माझी चवन्नी झाकलेली राहील. मशीन मी तिच्यासाठी शोधत होतो की स्वतःसाठी, असं कोणी विचारलं असतं, तर मला धड उत्तर देता आलं नसतं.

चार दिवसांनी मैनाचा मुलगा मनोज एक खोकं घेऊन दारात हजर झाला. हा अमरावतीत मोबाइलच्या दुकानात काम करतो, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आपल्याला कळते असा त्याचा समज आहे. त्याने परस्पर ऑनलाइन मशीन मागवली होती, तपकिरी सुटकेसमधली, झाकण उघडलं की तयार, स्पीकरही आतच. दिसायला गोजिरवाणी. लोकांनी तिला साडेचार तारे दिलेत, असं त्याने मला दोनदा सांगितलं. मी शेजारच्या सोनाराकडून त्याचा लहान काटा मागून आणला आणि सुई काट्यावर टेकवली. साडेसहा ग्रॅम. सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असायला हवा. बरं, तो कमी करायची काही सोय म्हणाल, तर सुई धरणाऱ्या दांडीच्या मागे वजनच नाही. कंपनीने दिला तो भार, देवाने दिलं तसं तोंड, बदलायची सोय नाही.

“मनोज, हे मशीन नोय, नांगर हाये,” मी म्हणालो. “आजीच्या रेकॉर्डवर हे फिरवलं तं त्यात तूर पेराले मोकळा.”

तो हिरमुसला, पण परत करतो म्हणाला. तो चहा पीत असताना मी टेबलाच्या खणातून माझी जुनी चवन्नी काढली. पहिल्या दिवशीची ती चवन्नी मी कौतुकाने जपून ठेवली होती. ती काट्यावर टाकली. अडीच ग्रॅम. म्हणजे सुईचा पुरता भार आणि वर आणखी. पंचेचाळीस वर्षांत मी ती कधी वजन करून पाहिली नव्हती. मनोजने मान वर केली तशी मी ती पटकन खिशात टाकली.

अमरावतीत अरीब नावाचा एक पोरगा जुन्या रेकॉर्डी आणि नव्या-जुन्या मशीन विकतो, असं मनोजनेच सांगितलं. मी एकटाच गेलो. कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्याची एक खोली आहे. वय असेल अठ्ठावीस. आजकालच्या पोरांना सुई म्हणजे फक्त इंजेक्शनची माहीत, असं वाक्य मी जिना चढताना तयार करून ठेवलं होतं. पिशवीत सोनाराचा काटाही होता. मी तो टेबलावर ठेवला तर अरीबने हसून आपल्या खणातून काडेपेटीएवढा काटा काढून शेजारी ठेवला, खास सुईचा भार मोजायचा. माझं तयार वाक्य घशातच राहिलं.

त्याने मला तीन मशीन दाखवल्या. पहिली चकचकीत, निळे दिवे, मोबाइलला बिनतारी जोडणारी. रेकॉर्ड फिरायचं तिचं ताट मी बोटाने उचललं तर ते जेवायच्या ताटापेक्षा हलकं. ताट हलकं असलं की फिरणं एकसारखं राहत नाही आणि गाणारा माणूस पाण्यात बुडून वर येतो असं ऐकू येतं. दिव्यांचे पैसे द्यायचे असतील तर दिवाळीत देऊ म्हणालो. दुसरी मशीन जुनी, जपानी, अरीबने स्वतः दुरुस्त केलेली. पाटा-वरवंट्यासारखी जड. अशा मशीन मी तरुणपणी खोलून परत जोडल्या आहेत, तिच्यावर हात ठेवला आणि मला हलवेना. पाच-दहा मिनिटं मी तिच्याशीच खेळत बसलो. शेवटी मीच विचारलं, हिची सुई मिळते का. ती आता बनत नाही, मिळाली तर परदेशातून, दोन-दोन महिने वाट पाहून, असं त्याने सांगितलं. मैना हार ओवते, ती काही स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणार नाही. मशीन मिस्त्रीसाठी घ्यायची नसते, घरासाठी घ्यायची असते, हे चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगून त्या दिवशी मला स्वतःला सांगावं लागलं.

तिसरी साधी काळी होती. डोळ्यात भरावं असं तिच्यात काही नाही. पण ताट वजनदार, मोटर पट्ट्याने जोडलेली म्हणून तिची घरघर सुईपर्यंत पोचत नाही, आणि दांडीच्या मागे फिरवायचं वजन, ज्याने भार पाव-पाव ग्रॅमने कमी-जास्त होतो. सुई झिजली तर तेवढीच ओढून काढायची आणि दुसरी बसवायची, ती इथेच मिळते. स्पीकरला सरळ जोडता येते, मध्ये आवाज वाढवायचा वेगळा डबा लागत नाही. लहान रेकॉर्डसाठी वेग बदलायचा तर ताट उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो. मी तो तिचा दोष म्हणून दाखवला. अरीब म्हणाला, काका, बटण दिलं की बटण बिघडते. हे माझंच वाक्य होतं, मी ते गिऱ्हाइकांना कमीत कमी हजार वेळा ऐकवलं असेल. मशीन ठरली. मैनाने ठेवलेल्या पैशात ती बसत होती.

मग मी मुद्द्यावर आलो. समजा, म्हटलं, एखादी रेकॉर्ड कोणी सुईवर चवन्नी ठेवून वर्षानुवर्षं वाजवली असेल, तर तिच्यातून काही निघेल का.

“चवन्नी?” अरीब हसायला लागला. “कोन्या गाढवानं ठेवली?”

“होता एक,” मी म्हणालो.

त्याने नीट समजावून सांगितलं. जुन्या सुयांचं टोक गोल असायचं, ते खाचेच्या ठरावीक जागी घासतं. लंबगोल टोकाची सुई बसवली तर ती खाचेत थोडी वेगळ्या जागी टेकते. नशीब असेल तर तिथली भिंत शाबूत असते. नसेल तर नसते. मी लंबगोल सुई घेतली. निघताना त्याने आणखी एक सांगितलं, पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच मशीनची वायर कॉम्प्युटरला जोडून आवाज भरून घ्या, अशा रेकॉर्डचं दुसऱ्या वेळेचं काही सांगता येत नाही. पोराचं काम चोख होतं. मी जिना उतरून रस्त्यावर आल्यावर हे कबूल केलं, वर केलं नाही.

आखाडात लग्नं नसतात, हारांचं काम कमी असतं, म्हणून आखाडातला एक रविवार ठरला. रहीमभाई आणि मी सकाळच्या गाडीने निघालो. त्यांनी तबकडीची पिशवी मांडीवर धरली ती बडनेरा येईपर्यंत हलवली नाही. तिथून ऑटोने मैनाच्या घरी. घर दोन खोल्यांचं, झेंडूच्या वासाने भरलेलं. मैना पहाटे चारला फुलबाजारात जाऊन आली होती आणि तेव्हापासून तिने काही खाल्लं नव्हतं. तिची सून रागिणी दोनदा पोह्यांची ताटली घेऊन आली, दोन्ही वेळा मैनाने ती परत पाठवली. आधी मायले आयकू दे, मंग खाईन, म्हणाली.

मी काम सुरू केलं आणि ते मुद्दाम सावकाश केलं. टेबल हलत होतं, म्हणून गॅस बाजूला सरकवून मशीन स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडली. तिच्यावर थाळीत पाणी ठेवून ती एका बाजूला कलंडत नाही ना ते पाहिलं, आणि एका पायाखाली पोस्टकार्डाची घडी दिली. ताट उचलून पट्टा लहान रेकॉर्डच्या वेगावर सरकवला. मागचं वजन फिरवून फिरवून काट्यावर बरोबर दोन ग्रॅम आणले. मनोजने कोणाचा तरी लॅपटॉप आणून वायर जोडली. आता करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी तबकडी ठेवली आणि सुई खाली सोडली.

कढईत भजी सोडल्यावर होतो तसला आवाज आला. तळणं, तळणं आणि तळणं. त्याच्या पार मागे, दोन भिंतींपलीकडून यावं तसं कोणीतरी बाई गात होती. शब्द कळत नव्हते. आवाज जाड की बारीक, तेही कळत नव्हतं. मैनाने पदर कानामागे सारला आणि स्पीकरला जवळजवळ कान लावला. लंबगोल सुई, दोन ग्रॅम, पाण्याची थाळी, कशाचाही उपयोग झाला नाही. तिसऱ्या ओळीला सुई अडली आणि त्याच त्या खाचेत उडायला लागली.

आणि रहीमभाईंचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. विचार करून नाही, सवयीने. वर्षानुवर्षं ज्या हाताने हेच केलं तो हात खिशातून एक रुपयाचं नाणं घेऊन बाहेर आला आणि सुईच्या डोक्याकडे निघाला. मी त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं असावं, कारण नाणं खाली पडून गॅसच्या शेगडीखाली गेलं.

“अरे, सुई उडून राहिली ना,” रहीमभाई म्हणाले. “तूच तं शिकवलं मले.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट कौतुकाने, मैनाकडे वळून त्यांनी सगळं सांगितलं. या सहदेव मिस्त्रीचं डोकं कसं, चवन्नी ठेवली की वरातीत एक कडवं पुढे जायचं नाही, तुझ्या मायचं हे गाणं तर लोक चार-चारदा लावायला लावायचे. मी सुई उचलली. मला वाटलं, आता बोललो नाही तर मी माणूस नाही.

“मैना, तुह्या मायचा आवाज मी घासला,” मी म्हणालो. “सुईवर भार ठेवला का रेकॉर्ड खराब होते, हे मले तवाही माहीत होतं. आन ही घासली हाये, हे पंधरा दिवसापासून माहीत हाये.”

मैनाने माझ्याकडे बघितलं. असं कोणी बघितलं की मी उलट बोलतो, तशी माझी सवय आहे. त्या दिवशी मला मान वर करता आली नाही.

“मंग मशीन काहून घेऊ देली?” ती म्हणाली. “माहा फ्रीज राह्यला तिकडं, आन तुमी काटे घेऊन फिरून राह्यले?”

काहीतरी निघेल असं वाटलं होतं, एवढंच मी सांगू शकलो. मशीन परत करता येईल, पैसे पुरते मिळतील, नाही मिळाले तर मी भरीन, असंही म्हणालो. ओट्यावर पडलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या मैनाने उचलून मुठीत धरल्या. रहीमभाई खाली शेगडीकडे बघत उभे होते. पाच मिनिटांपूर्वी ते आनंदाने जे सांगत होते त्याचा अर्थ आता त्यांना लागला होता, आणि त्यांचा चेहरा माझ्याने बघवेना.

मग मैनाच त्यांना म्हणाली, “जाऊ द्या चाचा. लोकाईनं आयकलं म्हनून घासलं. पेटीत कोरी ठेवली असती, तं त्या बुढ्याले मायचं नाव कसं आठवलं असतं.” थोडं थांबून ती माझ्याकडे वळली. “गानं तं मले येते, काका. मावशीनं शिकवलं, मनोजच्या हळदीले मीच गायली. मले गानं नोतं पायजे. माय बोले कशी, थे आयकाचं होतं. जाड बोले का बारीक बोले. मावशी म्हने माह्यासारखी. माह्यासारखी म्हंजे कशी, हे मले कसं समजन.”

पंधरा दिवस मी आणि रहीमभाई गाण्याच्या मागे होतो. लोक ज्याची आठवण काढत होते ते हळदीचं गाणं तिला ऐकवायचं, हेच आमच्या डोक्यात. तिला काय हवंय हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

रहीमभाईंनी हळूच तबकडी उचलली, उलटी केली आणि त्या उर्दू पट्टीवरून अंगठा फिरवला. “इसपे पालना है,” ते म्हणाले. “मीच लिहिलं हाये इथं, ‘नहीं’ म्हनून.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. रेकॉर्ड नवीनच होती तेव्हा दर्यापूरजवळच्या एका गावात लग्न होतं. गर्दीत, घाईत त्यांनी रेकॉर्ड उलटी लावली. इकडे नवरा-नवरी गळ्यात हार घालतायत आणि तिकडे भोंग्यातून पाळणा. मांडवभर हशा पिकला, नवरी रडायला लागली, नवरीचा बाप काठी घेऊन झाडाखाली आला. त्या दिवशी रहीमभाईंनी कानाला खडा लावला. अंधुक उजेडात पुन्हा चूक नको म्हणून त्या बाजूवर पट्टी चिकटवली, आणि त्यानंतर ती बाजू कधी वाजली नाही. ही बाजू खराब झाली आहे असं ते कधी म्हणालेच नव्हते, ते मीच समजून घेतलं होतं.

मी तबकडी खिडकीच्या उजेडात धरली. काळीभोर. इकडून तिकडे चकाकत होती, एक ओरखडा नाही. ती ताटावर ठेवली आणि मनोजला म्हटलं, तूच सुई सोड. तो घाबरला, मग त्याने श्वास रोखून सोडली.

थोडीशी खरखर झाली आणि तानुबाई गायला लागली. खोलीत, ओट्यावर, आमच्यात उभं राहून गावं तशी. खिडक्यांना लावलेल्या गाद्यांमुळे तिच्या मागे काहीच नव्हतं, नुसता आवाज. जाडसर, थोडा घोगरा, बाजारात भाजीचा भाव ओरडून ओरडून झालेला. ओळीच्या शेवटी ती श्वास घ्यायची तोही ऐकू येत होता. रागिणीने तोंडावर हात ठेवला. हा आवाज तिने रोज ऐकलेला होता. तो मैनाचा होता.

तीन मिनिटांत पाळणा संपला. सुई अजून शेवटच्या खाचांमध्ये होती, मी ती उचलायला हात पुढे केला. मुंबईच्या त्या माणसाने मशीन बंद करायला उशीर केला असावा, कारण तेवढ्यात तानुबाई बोलली. गाताना नाही, साधं बोलली, कोणाला तरी विचारावं तसं.

“झालं का भाऊ? माही पोरगी उपाशी हाये बाहीर.”

मग खट असा आवाज झाला आणि पुढे काही नाही. माझा हात तसाच राहिला. तबकडी फिरत होती, सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत गोल गोल जात होती. मैना ओटा धरून उभी होती.

“जेवली वं माय,” ती म्हणाली. “पोटभर जेवली.”

दुपारचा एक वाजला होता आणि सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. रागिणीने काही न विचारता पोह्यांची ताटली तिसऱ्यांदा पुढे केली. मैनाने ती घेतली आणि तिथेच मशीनसमोर उभ्याने खायला लागली.